पाचकोनी भोक

३ फेब्रुवारी
सापडली. पाचकोनी भोकाची सिस्ट, काटेरी. अशी आजवर कुणी पाहिलेली नाही. मेहुण्याने विचारलं, म्हणजे नक्की काय? समजावलं: डायनोफ्लॅजेलेट हे समुद्रातले एकपेशीय जीव. सिस्ट म्हणजे त्यांचं कवच. जीव भोक पाडून निघून जातो, कवचाचा जीवाश्म होतो आणि भोकाच्या आकारावरून मी त्याची प्रजाती ठरवतो. तो म्हणाला, म्हणजे शिंपलेच की. त्याच्याशी बोलणं बंद.

५ फेब्रुवारी
निश्चय: रिटायर व्हायच्या आत नवी प्रजाती जाहीर करायची. प्रजातीला स्वतःचंच नाव द्यायचं नाही, हा संकेत कुणातरी मत्सरी माणसाने पाडला असणार. असो. शोधणारा म्हणून तरी माझं नाव लागेल. इतक्या वर्षांत लागलं नाही, कारण मी घाई करत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी
शेजारच्या टेबलावरची बाई माझ्या सूक्ष्मदर्शकात डोकावली. एकेकाळी माझी विद्यार्थिनी. म्हणाली, सर, वरची काच, कव्हरस्लिप, सुईने हलकेच दाबा, सिस्ट वळेल. दुसरी बाजूही बघा, भोक नसेल, घडी असेल. जळते. मी शिकवलेलं मलाच शिकवते. पहिल्या पेपरात तिने लेखक म्हणून माझं नाव घातलं नाही, तेव्हापासून तिचं एक अक्षर वाचलेलं नाही.

१२ फेब्रुवारी
पेपर लिहायला बसणार होतो. खुर्ची कुरकुरते. ऑफिसात तक्रार दिली. दिवस गेला.

१५ फेब्रुवारी
डायरेक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, सोमवारी सगळ्यांना दाखवा. बाईचं तोंड बघण्यासारखं होणार.

१९ फेब्रुवारी, सोमवार
सूक्ष्मदर्शक पडद्याला जोडलेला, सगळे पडद्याकडे बघत उभे. सिस्ट अजून ठसठशीत दिसावी म्हणून (बाईने सांगितलं म्हणून नव्हे) कव्हरस्लिप जरा दाबली. वळली. भोक गेलं. घडीच होती. पुन्हा दाबली, इकडून दाबली, तिकडून दाबली. परत पालथी होईना. डायरेक्टर चहाला गेले. बाई पडद्याजवळ आली आणि म्हणाली, सर, ही तर माझी. पहिल्याच पेपरात वर्णन केलंय, तुम्ही वाचलं असेलच.

संध्याकाळी
वाचला तिचा पेपर. लाल पेन घेऊनच बसलो. प्रजातीला चक्क माझं नाव. ‘माझ्या मार्गदर्शकांवरून’, असं स्वच्छ छापलंय. पेन खाली ठेवलं. मग खालचं वर्णन: ‘फुगीर. कवच जाड. काटे भरपूर, पण पोकळ. जवळजवळ प्रत्येक थरात आढळते, त्यामुळे खडकाचं वय ठरवण्यास निरुपयोगी.’

पुन्हा पुन्हा वाचलं. एकही चूक सापडली नाही.