मैदानाकडे पाठ

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे आता पत्रातच पूर्ण वाकतो, प्रत्यक्षात अर्ध्यावर थांबतो.) तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. लांबचं कितपत दिसतं, ते मात्र तू लिहिलं नाहीस. शंभर पावलांवर धावणारा मुलगा आपला की परका, हे ओळखू येतं का? सहज विचारतो. भाऊजींनाही नमस्कार सांग.

इकडे मी सुखरूप आहे, माझी अब्रू तेवढी नाही. तुला ठाऊकच आहे, आमचे खेळाचे सर नोकरी सोडून गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यात मारला. कारण काय, तर मी विज्ञान शिकवतो आणि फेकलेला चेंडू कसा वळतो ते फळ्यावर काढून दाखवतो. (फळ्यावरचा चेंडू माझं ऐकतो.) पहिल्याच सामन्यात आम्ही दोन गोलांनी मागे पडलो आणि त्यात माझ्या चष्म्याचा स्क्रू गवतात पडला. मी मैदानाकडे पाठ करून, गुडघे टेकून तो शोधत बसलो, तेवढ्यात पोरांनी तीन गोल केले. स्क्रू सापडला, मी वळलो, आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. आमचा गोलकीपर (त्याला सगळे फाटक म्हणतात, कारण तो बहुधा उघडाच असतो) तिकडून ओरडला, "सर, शोधत राहा." मी पुन्हा खाली बसलो. त्याने पेनल्टी अडवली.

तेव्हापासून मी खुर्ची उलटी ठेवून बसतो. योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, असं मी तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लिहून घेत आलो, आणि आता पोरंच मला खुर्चीची दिशा समजावून सांगतात. एकदा प्रयोग म्हणून मान जराशी वळवली, तर चेंडू आमच्याच मुलाच्या पाठीला लागून आमच्याच जाळ्यात गेला. प्रयोग बंद केले. सहा सामने जिंकलो, ताई, आणि त्यांतला आमचा एकही गोल मी पाहिलेला नाही.

सामना मला कळतो तो शाळेच्या माळ्याच्या तोंडावरून. तो माझ्यासमोर पाण्याच्या पिंपावर बसतो. त्याच्या भुवया वर गेल्या की मी "मागे या" म्हणून ओरडतो. सेमीफायनलला नेमकी त्याची दाढ ठणकत होती. त्याचा एवढासा झालेला चेहरा पाहून मी शेवटपर्यंत धरून चाललो की आम्ही सपाटून मार खातोय. शिट्टी वाजल्यावर पोरांचं सांत्वन करणारं भाषणही केलं, डोळ्यांत पाणी आणून. बिचारी माना खाली घालून ऐकत होती. चार-शून्यने जिंकल्याचं मला नंतर बाईंनी सांगितलं.

येत्या रविवारी राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना आहे. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात चषकासाठी कधीकाळी जागा केली होती, तिथे आजवर मुलांचे हरवलेले डबे आणि बाईंची छत्री राहते. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतो. त्या कपाटात चषक ठेवून घरी जावं, अशी फार इच्छा आहे. बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा

ता. क. : माळ्याने दाढ काढून घेतली. गाल असा सुजलाय की तोंडावर काहीच उमटत नाही. रविवारी तू येशील का? लहानपणी बरणीतलं मी खाल्लं तरी आईला ते तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं. इतका सरळ चेहरा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. माझ्यासमोर खुर्ची ठेवतो. लांबचा चष्मा दिला असेल तर आण.

आणखी एक : पाकीट चिकटवतच होतो, तर फाटक येऊन गेला. पोरांची बैठक झाली म्हणे. "सर, फायनलला तुम्ही आमच्याकडे तोंड करून बसा. हरलो तर हरलो, तुम्ही एकदा तरी बघायला हवं." ताई, मला फार भरून आलं, म्हणून मी त्याला झापलं आणि सरावाला पिटाळलं. खुर्ची उलटीच राहील. तू मात्र ये, आणि शेवटची शिट्टी वाजली की मला खांद्याला धरून फिरव. स्वतःहून वळायचं धाडस माझ्याने होणार नाही, आणि जिंकोत की हरोत, पोरं धावत येतील तेव्हा त्यांना माझी पाठ दिसायला नको.