यात काय नाही

काका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टेंडरच्या आदल्या दिवशी मला अजून भीती वाटते. आता दरांचे अंदाज मीच काढते, तुमच्याच खुर्चीत बसते, आणि मेस्त्री लोकांचे दराचे कागद यायला लागले की प्रत्येकाची शेवटची ओळ आधी पाहते. काल एकाचा दर फारच कमी आला. मी त्याला तीनदा विचारलं, यात काय काय नाही? तो बिचारा हसायला लागला. म्हणाला, "बाई, एवढं भेता काऊन?"

भ्यायला तुम्हीच शिकवलंत. आदिलाबादच्या ठेकेदाराच्या त्या पत्र्याच्या ऑफिसात मी नवी होते. खोदाईवाला, सळईवाला, सेंट्रिंगवाला, प्रत्येकाचा दर तुम्ही वेगळ्या पाकिटात ठेवायचात आणि एकाचा दुसऱ्याला कळू द्यायचा नाहीत. सगळ्यात कमी दर हाती आला की बाकीचे खूश व्हायचे, तुम्ही मात्र चष्मा काढून पुसायला लागायचात. "पोरी, दर मंग पाह्य. पह्यले इचार, याच्यात काय नाई? माणूस जे लिहत नाई, तेच मंग आपल्या बोडख्यावर बसते." एकदा मी न विचारता एक दर बेरजेत घेतला, तर चारचौघांत तुम्ही माझा कागद फाडलात. दुपारी डब्यातली अर्धी ज्वारीची भाकर माझ्यापुढे सरकवलीत, तेव्हा कुठे माझं रडू थांबलं.

मग तामसी गावाकडच्या नाल्यावरच्या पुलाचं टेंडर निघालं. बरेच दिवस हाताला काम नव्हतं. मालक तेलुगूत एवढंच म्हणाले, "ई पनी मनकु रावाली", हे काम आपल्याला मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर ऑफिसला कुलूप, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. माझ्या घरी पगार आणणारी मी एकटीच. आणि नेमके त्या दिवशी तुम्ही नातवाचं पहिलं अक्षर गिरवून घ्यायला बासरच्या सरस्वतीच्या देवळात निघालात. जाताना म्हणालात, "पायाच्या खोदाईचा मेस्त्री येईन. तू घे त्याचा दर. अन् इचारजो."

तो आला. तामसीचाच माणूस, टायरच्या चपला दाराबाहेर काढून आत आलेला. मी त्याचा कागद वाचते आहे. खोदाई आहे, दगड आहे, मजूर आहेत. पाणी उपसायचा पंप नाही. त्याने उन्हाळ्यातला कोरडा नाला पाहिला होता, आणि पंप लागलाच तर ऑफिस देईल असं त्याने धरलं असणार. माझं बोट शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर आहे. तो समोर बशीत चहा ओतून पितो आहे. विचारलं तर तो पंप धरेल, दर चढेल, काम जाईल. मी विचारलं नाही. कागद पाकिटात घातला. संध्याकाळी प्रसादाची पुडी माझ्या हातावर ठेवत तुम्ही म्हणालात, "सगळं इचारलं ना?" मी म्हटलं, "हो, काका."

काम आपल्याला मिळालं. मालकांनी पेढे वाटले, माझा मी खणात ठेवून दिला. दसऱ्यानंतर खोदाई सुरू झाली, खड्डा पुरुषभर खोल गेला आणि खालून पाणी लागलं. मेस्त्रीने निरोप पाठवला, पंप द्या. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "पंप त्याच्याच दरात हाय ना?" खरं बोलायला तेव्हाही वेळ होता, काका. पण आधीचं खोटं उघडं पडेल, तुम्ही मला काढून टाकाल, या भीतीने मी म्हटलं, "हो. तो तसं बोलला होता." तुम्ही उलटा निरोप दिलात, पंप तुझा तू आण. भाड्याचा पंप मिळेपर्यंत तो आणि त्याची माणसं बादल्यांनी पाणी उपसत राहिली. तिसऱ्या दिवशी खड्ड्याची भिजलेली बाजू त्याच्या अंगावर ढासळली. माणूस वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दवाखान्यातून परत आलात तेव्हा तुमच्याकडे बघवत नव्हतं. "तो म्हणते, मले कोणी इचारलंच नाई. पाय गेला त्याचं वाईट वाटून राह्यलं, पण जबान फिरवणारा माणूस निंघाला." मी मान खाली घालून बेरजा करत राहिले. त्याला तुम्ही पुन्हा कधी बोलावलं नाहीत. आणि नव्या पोरांना शेवटपर्यंत सांगत राहिलात, विचारावं कसं ते हिच्याकडून शिका.

मागच्या महिन्यात तो बस स्टँडवर भेटला, काखेत कुबडी. "बाई, बरं हाय ना?" तुमचा विषय त्यानेच काढला. "काकाजी लय चांगले होते. तुमी तं नुसता कागद घेतला, इचाराचं तेच इसरले असतीन त्या वक्ती. म्हाताऱ्या माणसाचं काय धरून बसाचं?" तो तुम्हाला माफ करून बसला आहे, आणि तुम्ही त्याला खोटा समजून गेलात. तामसीची बस लागली तेव्हा मी त्याची पिशवी तेवढी वर चढवून दिली.

हे पत्र टाकायचं कुठे नाही, म्हणून तर हात चालला. तामसीची बस दुपारी सुटते आणि स्टँड ऑफिसपासून पाच मिनिटांवर आहे. जे त्याला जाऊन सांगायला हवं ते तुम्हाला लिहीत बसले, कारण तुमची आता भीती वाटत नाही. त्याची वाटते.