पसंतीच्या फॉर्मवर एकच नाव

१० ऑगस्ट, रविवार
दोन वर्षं गावच्या छोट्या कॉलेजात काढली. आजपासून मी विद्यापीठात, थेट तिसऱ्या वर्षाला. खोलीत एकटीच; रूममेट आलीच नाही. हरकत नाही. उद्यापासून सोरोरिटीची, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलींच्या क्लबांची, निवड. प्रत्येक क्लबचं स्वतःचं घर. त्या घरोघर जायचं, हसायचं, गप्पा मारायच्या. मग घरं ठरवणार कोणाला घ्यायचं. माझं ठरलेलंच आहे: खांबांचं घर. तिथे डेलेनी आहे. स्कूल बसमध्ये आम्ही बारा वर्षं एका सीटवर बसलो.
निश्चय: रोज सहाला उठणे. कमी बोलणे.

११ ऑगस्ट
बारा घरं झाली. घसा बसला. रांगेत सगळ्या अठरा वर्षांच्या. एकीनं मला विचारलं, मॅडम, बाथरूम कुठे आहे? म्हणजे माझ्यात रुबाब आहे.
डेलेनी दारातच होती. माझ्याकडे पाहिलंही नाही. निवड संपेपर्यंत घरातल्या मुलींनी आमच्याशी बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. आत चालतं, पण नियमाची पक्की आहे पोरगी.

१३ ऑगस्ट
उठले आठला. आठ घरांनी नारळ दिला. आमची मार्गदर्शक ब्रिन म्हणाली, टेस, मनाला लावून घेऊ नकोस गं, तिसऱ्या वर्षाच्या मुली घरांना नको असतात, दोन वर्षांत निघून जातात ना. मी म्हटलं, मला एकच घर पुरे.
गल्लीच्या टोकाला विटांचं घर आहे. तिथली ओडेट चौथ्या वर्षाला, तीही दुसऱ्या कॉलेजातून आलेली. माझ्या विनोदांवर पोट धरधरून हसली. वेळ संपली तरी हात सोडेना. चांगली आहे, पण घर अगदीच साधं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शेवटची फेरी. दोनच घरं उरली: खांबांचं आणि विटांचं. खांबांच्या घरात एक मुलगी मला तीनदा 'जेस' म्हणाली. गडबडीत होतं असं. विटांच्या घरात ओडेट आपण इथे नवी असतानाचं सांगता सांगता रडली. माझेही डोळे भरले. उन्हाचा त्रास.
संध्याकाळी पसंतीचा फॉर्म. ब्रिननं दोनदा बजावलं: दोन्ही नावं लिही, म्हणजे एका घरात जागा नक्की. एकच लिहिलंस तर हमी गेली. मी एकच लिहिलं. दुसरं लिहिणं म्हणजे डेलेनीवर अविश्वास.

१७ ऑगस्ट, सकाळी ९
ब्रिनचा फोन. मला कुठेच जागा नाही. यादीत काहीतरी घोळ झालाय.

दुपारी ४
मैदानावर मुली निकालाची पाकिटं फोडून किंचाळत आपापल्या घराकडे धावत होत्या. डेलेनीला हाक मारली. म्हणाली, अय्या, टेस! तू पण होतीस का यात? आणि नव्या मुलींचे फोटो काढायला पळाली. खूप काम असतं त्यांना आज.

१९ ऑगस्ट
जेवणाच्या हॉलमध्ये ओडेट ट्रे घेऊन समोर येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, अगं, आमच्या यादीत तू पहिली होतीस. तुझ्यासाठी मी सगळ्यांशी भांडले. मग आमचं नाव का नाही लिहिलंस?
मी म्हटलं, फॉर्म नीट कळला नाही. पुढच्या वर्षी नक्की लिहीन.
ती म्हणाली, पुढच्या वर्षी मी नसेन गं. आणि ट्रे उचलून आपल्या मुलींमध्ये जाऊन बसली.
फॉर्म मला नीट कळला होता. कोणालातरी मी हवी असावी, एवढंच मला हवं होतं. आणि मी हवी होते.