न गोठणारं सरबत

ती. वन्सं यांच्या पायांशी धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. दुखत असेल तर शेकत जा, आणि दुखत नसेल तरी हे पत्र बसूनच वाचा, कारण पुढे तुमच्याबद्दल लिहिलंय. इकडे सगळी खुशाल आहेत. माझ्याच घरात माझा रोजचा पाणउतारा सोडला तर कशाला काही कमी नाही. अक्षराला हसू नका. मी चौथीत शाळा सोडली आणि तुम्ही सातवीत जाऊन नापास झालात, तेव्हा आपल्यात फरक आहे तो फक्त जास्त दिवस बाकावर बसल्याचा.

आता मुद्द्यावर येते. गेल्या खेपेस आलात तेव्हा चार दिवस माझ्या हातचं पोटभर जेवलात, परत परत मागून घेतलंत, आणि निघताना जिन्यात माझ्या सुनेच्या कानाशी लागून म्हणालात, "वहिनींच्या हाताची चव गेली गं. जरा लक्ष ठेव." वन्सं, आमचा जिना चिंचोळा आहे. त्यात कानाशी बोललेलं तळमजल्यापर्यंत जातं. तळमजल्यावरच्या शिंप्याने ऐकलं, आणि तेव्हापासून तो मला बघितलं की मशीन थांबवून उठून उभा राहतो, दुखणेकऱ्यासाठी राहतात तसा. तुम्ही एक वाक्य बोलून रिक्षात बसलात आणि इथे माझं राज्य गेलं. सून शाळेत शिकवते हे तुम्हाला माहीत आहे, तिला कुणी लक्ष ठेव म्हटलं की ती हजेरीच घेते. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, जिथे माझा हात पोचत नाही. तिखट तिच्या मागोमाग गेलं. मला वाटाणे सोलायला दिले, लसूण सोलायला दिला, आणि सोलून झालं की "आई, तुम्ही बसा." घरात 'बसा' पाहुण्याला म्हणतात, नाहीतर कुत्र्याला. मी दोन्ही नाही. (एकदा रस्सा खारट झाला होता आणि एकदा अळणी, हे मी नाकारत नाही. दोन्ही एकत्र केले असते तर बरोबर झाले असते, पण असा विचार करायला डोकं लागतं.)

म्हणजे माझी शेगडी गेली ती तुमच्यामुळे, आणि ती परत मिळायची वेळ आली ती एका सरबतामुळे, ते कसं ते ऐका. तुमच्या नातीचं, म्हणजे माझ्याच नातीचं, तुम्हाला ठाऊक आहे. ती त्या मोठ्या हॉटेलात थंड पदार्थांच्या खोलीत काम करते. दिवसभर गारठ्यात उभं राहायचं, बर्फ किसायचा, आणि घरी येऊन शिंकायचं. रविवारी सुनेचे आईवडील जेवायला येणार होते. नात म्हणाली, शेवटचं गोड मी करणार, सॉर्बे करणार. सॉर्बे म्हणजे गोठवलेलं सरबत, वन्सं, बाकी काही नाही. नाव तेवढं बाहेरगावचं. संत्र्याचा रस, लिंबाचा रस, साखरेचा पाक, वरून साल किसायची, पण फक्त केशरी, पांढरं आलं की कडवट होतं म्हणे. आणि एवढी पांढऱ्याची धास्ती घेऊन झाल्यावर या मुलीने पिशवीतून काय काढलं, तर लाल रंगाची एक बाटली, कडू दारूची. मी विचारलं ही कशाला. म्हणाली, ही जेवणाआधी घोटघोट घेतात, भूक लागावी म्हणून. मी म्हटलं, मग ती जेवण झाल्यावरच्या गोडात घालून पाहुण्यांना पुन्हा भूक लावून करायचंय काय, पुन्हा जेवायला बसवायचंय का? आधी साल खरवडताना कडूला घाबरायचं आणि मग तेच कडू पैसे मोजून विकत आणायचं. या पोरींना शिकवतात तरी काय? "आजी, कडूमुळे गोड उठून दिसतं." असेल. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही.

तर शनिवारी दुपारी तिने सगळं पातेल्यात घातलं, बाटलीतलं अर्धी वाटी मापून ओतलं, आणि चमचा तोंडात घालून नुसती उभी राहिली. नाक चोंदलेलं, डोळे सुजलेले, चव कुठून लागणार. आता सून दारूच्या थेंबाला शिवत नाही. तुमचा भाचा प्रत्येक गोष्टीला छान म्हणतो, त्याला पुठ्ठा तळून दिला तरी छान म्हणेल. साखर घालायच्या आधीच तो रस चाखून छान म्हणून गेला होता. राहिलं कोण? नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तू बघ गं चव." सून वह्या तपासत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. तिचं न बोलणं म्हणजे लाल शाईची रेघ असते. पण मी उठले, पदर खोचला आणि पातेल्याशी गेले. दोन वर्षांनी या घरात मला कुणी चव विचारत होतं.

चाखलं. गार लागलं, ओलं लागलं. म्हटलं, बाटलीतलं अजून घाल, काही कळत नाही. तिने चमचाभर घातलं. पुन्हा चाखलं. म्हटलं, अजून. तिने घातलं, शिंकली, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायला आत गेली, जाताना म्हणाली, आजी, तूच बघ आता, तुला बरोबर वाटलं की थांब. मी बघितलं. मी बघत बघत घालत गेले. दुकानदाराने त्या बाटलीत पाणी घातलेलं असणार, याबद्दल मला शंका नाही. हल्ली कुणाचा नेम नाही. निम्मी बाटली गेली तरी काही नाही. त्याच्याही पुढे गेल्यावर मग कुठे जिभेच्या अगदी मागच्या टोकाला काहीतरी हललं. मी म्हटलं, हां, आता आलं. आणि थांबले. बरोबर वाटलं की थांब म्हणाली होती, मी थांबले, यात माझं काय चुकलं ते कुणीही सांगावं.

ते पत्र्याच्या पसरट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठायला लागलं की काट्याने खरवडायचं असतं. संध्याकाळी नात काटा घेऊन आली तर डब्यात तळं. शेजारचा बर्फ दगडासारखा, वाटाणे गोळ्यांसारखे, आणि हे मात्र हलवलं की डुचमळतंय. तुमचा भाचा लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे ज्याला दार आहे ते सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागची जाळी उघडली, स्क्रू माझ्या वाटाण्यांच्या ताटलीत ठेवले, बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "फ्रीज छान आहे." (एक स्क्रू अजून मिळायचा आहे. वाटाणे जपून खातोय.) तेव्हा सून म्हणाली, मला नाही, भिंतीला उद्देशून, "यात आईंनी काही घातलं का?" वन्सं, घरात फ्रीज नाही चालला तर मी, लिफ्ट बंद पडली तर मी. उद्या शाळेची घंटा वाजली नाही तर तीही मीच खाल्ली असेन. मी म्हटलं, घातलं की, तुझ्या लेकीने सांगितलं तेवढं घातलं. नात बिचारी म्हणाली माझंच माप चुकलं असेल, दारू जास्त झाली की गोठत नाही, सकाळी जाऊन तयार आइस्क्रीम आणते.

म्हणजे माझ्या जिभेवर विश्वास ठेवला आणि बाजारातून आणायची वेळ आली, असं व्याह्यांसमोर दिसणार. मग शेगडी कायमची गेली म्हणून समजा. पण एक गोष्ट तिच्याच तोंडून मला कळली होती. दारूमुळे गोठत नाही ना? मग दारू घालवायची. दारू उडते हे समजायला हॉटेलात नोकरी लागत नाही. रविवारी सकाळी नात दुकानात गेली, सून न्हाणीत शिरली, आणि मी ते सगळं मोठ्या पातेल्यात ओतून माझ्या शेगडीवर चढवलं. हो, माझ्याच. रटरट उकळायला लागलं तसा वास घरभर गेला, खिडकीतून गेला, जिन्यातून गेला. खालचं मशीन थांबलं. तुमचा भाचा अर्धवट झोपेत येऊन म्हणाला, "आई, सकाळीच कोण प्यालंय?" मी म्हटलं, तुझी आई प्याली, जा दात घास. तो गेला. निम्मं आटवलं, आटलं तेवढं नळाचं पाणी वर घातलं, पातेलं थंड पाण्याच्या परातीत फिरवलं, आणि सून केस पुसत बाहेर येईपर्यंत डबा फ्रीजरमध्ये आणि मी खुर्चीत, लसूण सोलत. दुपारी बघितलं तर फरशी. काटा वाकडा झाला. नात तयार आइस्क्रीम घेऊन आली होती, ते तिने बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, कसं झालं गं हे? मी म्हटलं, फ्रीज छान आहे.

आता पंगत ऐका. व्याही तुम्हाला माहीत आहेत, बोटीवर हिशेब ठेवायचे, जग बघितलंय असं सांगतात. (बंदराला लागलं की बोटीवरून उतरायचे, घरी पत्र टाकायचे आणि परत चढायचे, हे विहीणबाईंनीच मला सांगितलंय.) वाट्यांतून गुलाबी खडे आले. व्याह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा आधी एका बाजूने गेला, मग दुसऱ्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. जग बघितलेल्या माणसाला थुंकता येत नाही. त्यांनी गिळलं, मिशी पुसली, आणि म्हणाले, "असंच. अगदी असंच असतं. तिकडे बंदरावर असंच मिळायचं." झालं. विहीणबाई म्हणाल्या, वेगळं आहे हो, आणि चमचा तोंडातून काढायलाच विसरल्या. तुमचा भाचा छान म्हणाला, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सून एक घास खाऊन माझ्याकडे वळली, तोंड उघडलं, मग वडिलांकडे बघितलं, मग बंद केलं. बापाने बरोबर दिलेलं उत्तर ती चूक कसं ठरवणार? नातीला काही लागतच नव्हतं, ती नुसती खूश होती. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि दुसरी बोटाने पुसली.

सोमवारी सकाळी बरणी खाली आली. सून म्हणाली, "आई, आजपासून रस्सा तुम्ही करा. पुढच्या महिन्यात आत्याबाई येतायत, त्या जेवल्या की ठरवू कायमचं." म्हणजे बघा. ज्यांनी चोरी झाली म्हणून ओरड केली त्यांनाच न्यायाधीश नेमलंय. मला याचा अतिशय संताप आला आहे आणि तो तुमच्यापर्यंत पोचावा म्हणून एवढं लिहिलं. तेव्हा या, जेवा, आणि सगळ्यांसमोर सांगा की तेव्हा जिन्यात बोललेलं चुकून बोलले, गुडघ्याच्या गोळ्यांमुळे तुमचंच तोंड आलं होतं. माझ्या हाताची चव होती तिथेच आहे. कमीजास्त लिहिलं असेल तर ते मुद्दाम लिहिलंय असं समजावं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. येताना तुमच्या हातची चटणी आणू नका. गेल्या वेळची अजून आहे, तिला कुणी हात लावत नाही.

दुसरा ता. क. हे पत्र सुनेच्या हाती लागलं तर म्हणून वर मोठ्या अक्षरात एक गोष्ट सोडून सगळं लिहिलं. आता बारीक लिहिते, चष्मा लावा. मंगळवारी नातीचं नाक मोकळं झालं आणि तिने डब्यातलं उरलेलं खाल्लं. ती धावत माझ्याकडे आली. "आजी, हे विष आहे. तुला कडू नाही लागलं?" म्हटलं, लागलं की. "मग?" मग काय मग, लागलं म्हणून तर थांबले. मग तिने मला डोळे मिटायला लावले आणि एक चमचा साखर दिली आणि एक चमचा मीठ. कुठला कुठला ते मला सांगता आलं नाही. संत्रं म्हणा, लिंबू म्हणा, त्या दोन वाट्यांत मला काही कळलं नव्हतं. नात कुणाला बोलणार नाही. ती मिठाच्या बरणीत मापाचा चमचा ठेवून गेलीय आणि त्यावर मी दिवस ढकलतेय. पण ती सकाळी जाते ती रात्री येते, आणि रस्सा दुपारचा असतो. तेव्हा तुम्ही चार दिवसांऐवजी महिनाभर राहायला या. मी ढवळत असताना गुडघा शेकायच्या निमित्ताने शेगडीपाशी बसत जा. मीठ कमी असेल तर एकदा खोका, जास्त असेल तर दोनदा. बरोबर असेल तर गप्प बसा, ते तुम्हाला जड जाईल पण प्रयत्न करा. तुमची जीभ चांगली आहे हे मी कधी नाकारलं नाही, फार चालते एवढंच म्हणत आले.

तिसरा ता. क. येताना ती लाल कडू दारूची एक बाटली आणा, कापडात गुंडाळून. मला इथल्या दुकानात जाता येत नाही, शिंपी बघतो. जेवण झाल्यावर चमचाभर दोघी घेऊ. आणि तुमचा रस्सा पाणचट असतो असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं होतं, ते जीभ शाबूत असताना सांगितलंय, ते काही मी मागे घेत नाही.