पहिली टाळी

ती. व्लास्तावन्संना,

ब्लाझेनाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? ब्रनोला यंदा लवकर गार पडायला लागलं असं रेडिओवर ऐकलं आणि मला तुमच्या जिन्याची काळजी वाटली. (जिन्याची म्हणजे तुमचीच, पण तुम्हांला कोणी तुमची काळजी केलेली आवडत नाही, म्हणून जिन्याचं नाव घेतलं.) मी बरी आहे. जेवते, झोपते, कोंबड्यांना दाणे घालते. तुम्ही पाठवलेले लोकरीचे हातमोजे पोचले. ऐन उन्हाळ्यात हातमोजे पाठवणारी माणसं जगात फार नसतील, पण का पाठवलेत ते मला कळलं. फोनवर म्हणाला होतात ना, "अगं, हातमोजे घालून टाळ्या वाजव, म्हणजे चुकलीस तरी कोणाला ऐकू जायचं नाही." सल्ला चांगला आहे. पण इथले लोक टाळी ऐकत नाहीत, वन्सं. माझ्याकडे बघत बसतात.

पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी राजवाड्याच्या दिवाणखान्यात ओतकारच्या आठवणीसाठी वाद्यवृंद ठेवलाय आणि शेवटी पहिली टाळी मी वाजवायची असं ठरलंय, एवढंच कळवायचं होतं. तुम्ही यायची गरज नाही. बस दोनदा बदलावी लागते. शिवाय मागच्या खेपेला तुमचं नि राजवाड्याचे कारभारी हायेक यांचं सपातांवरून जे झालं, ते गाव अजून विसरलेलं नाही. (दारातल्या टोपलीतल्या नमद्याच्या सपाता बुटांवर चढवल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे तुम्हांला कोणी आधी सांगितलं नव्हतं, ही चूक आमचीच. तुम्ही म्हणालात, "मी तुमची जमीन पुसायला आलेली नाही." हायेक म्हणाले, "बाई, ही लाकडी जमीन अडीचशे वर्षांची आहे." त्यावर तुम्ही म्हणालात, "मग खुर्ची तिला द्या, मी राहते उभी." ओतकार खांबाआड गेला तो लाजून गेला असं तुम्हांला वाटलं. तो हसत होता.)

तुम्ही शहरात राहता, तिथे सगळ्यांना सगळं कळतं. इथली रीत वेगळी आहे. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मध्ये वादक थांबतात, पानं उलटतात, कोणी नाक शिंकरतं आणि पुढचा भाग सुरू होतो. त्या मधल्या थांबण्यात टाळी वाजवणं म्हणजे अडाणीपणा, आणि अडाणी ठरण्याची आपल्या गावाला जेवढी भीती आहे तेवढी पुराचीही नाही. म्हणून सगळं गाव ओतकारकडे, तुमच्या भावाकडे बघायचं. तिसऱ्या रांगेत वाटेकडेची त्याची खुर्ची. जनावरांचा डॉक्टर, हात केवढे ते तुम्हांला ठाऊक आहेच. त्याची एक टाळी पडली की मागून सगळा दिवाणखाना कोसळायचा. तो कधी चुकला नाही. मी एकदा विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाला, "गाय दूध द्यायची थांबली की धार काढणारा तिला विचारत बसतो का?" मी साखर कारखान्यात बीट धुवत मोठी झालेली बाई, गायीचंही मला काही कळत नाही. पंचवीस उन्हाळे मी त्याच्या शेजारी बसले, पण शेवट ऐकायची मला गरजच पडली नाही. त्याचा उजवा खांदा जरा खाली आला की मी हात मोकळे करायची.

तो फेब्रुवारीत गेला. राजवाडा तापवता येत नाही, म्हणून कार्यक्रम मे महिन्यात सुरू होतात. मेमधल्या पहिल्या कार्यक्रमाला मी जाणार नव्हते, पण शेजारच्या शिमाच्कोवाबाई, त्या औषधवाल्याच्या विधवा, मला ओढतच घेऊन गेल्या. ("घरी बसून काय करणार? रडणार. रडायला तिथे तरी निदान संगीत आहे.") गेले तर त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे हायेकांनी सपातांचा एक जोड मांडून ठेवलेला, टोपलीतला सगळ्यात मोठा, जो ओतकारशिवाय कोणाला होत नसे. माणूस नाही आणि पायांची जागा तयार. मी बसले. पहिली रचना झाली. म्हणजे झाली असावी, कारण काही वाजेना. दिवाणखाना तसाच. मग मला मानेमागे जाणवायला लागलं की सगळे त्या मोठ्या सपातांकडे बघताहेत. वादकांपुढे छडी धरून उभे असलेले संचालक आमच्याकडे पाठ करून थांबले होते, ते हळूहळू मागे वळले. सपातांमुळे पायांचाही आवाज येत नव्हता. शेवटी शिमाच्कोवाबाईंची काठी पडली. लोकांना ती टाळी वाटली आणि सगळे सुटल्यासारखे टाळ्या पिटायला लागले. मध्यंतरात हायेक पावावरचं अंडं सांभाळत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ब्लाझेनाबाई, यापुढे तुम्हीच. दुसऱ्या कोणाची हिंमत होत नाही." मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. ते म्हणाले, "त्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसलात, काही तरी झिरपलं असेल."

झिरपलेलं काही नव्हतं, म्हणून मी पुस्तकं आणली. मला शाळेनं जे दिलं नाही ते मी ग्रंथालयातून घेते, हे तुम्हांला माहीत आहे. (तुम्ही लग्नात म्हणाला होतात, नवरी वाचते आहे म्हणजे घरात धूळ राहणार. धूळ आहे, खरंच.) पुस्तकात लिहिलं होतं की अशा मोठ्या रचनेचे भाग चार. म्हणून जूनमध्ये मी बोटं धरून बसले. एक झाला, दोन झाले, तिसरा चांगला दणक्यात संपला, आणि मी शहाण्यासारखी चौथ्याची वाट बघायला लागले. माझं बघून सगळे वाट बघायला लागले. त्या संगीतकारानं तिसरा नि चौथा भाग जोडून लिहिला होता, हे त्या पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. इतका वेळ कोणी हललं नाही, की छडीवाल्या संचालकांनी डोळे पुसले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आलं, "रसिकांच्या मौनानं कलावंत भारावले." शिमाच्कोवाबाईंनी कात्रण कापून माझ्या दाराखालून सरकवलं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: अभिनंदन.

ऑगस्टमध्ये मी ठरवलं, आता वाट बघायची नाही. हेही चुकलंच. एका जागी कर्णे, नगारे, सगळेच असे जोरात आले आणि असे एकदम थांबले की याच्यापुढे काही असू शकेल असं कोणालाही वाटलं नसतं. मी टाळी वाजवली, आणि नीट दिसावी म्हणून उभी राहून वाजवली. सगळा दिवाणखाना माझ्यामागे उभा राहिला. संचालकांची छडी वरच होती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ओतकार, गाय व्यायली म्हणून रात्रीचं बोलावून बैल दाखवणाऱ्या माणसाकडे बघायचा. लाजेनं माझे हात थांबेनात. मी खाली बसायला गेले तर सपाता घसरल्या, आणि मी पुढच्या रांगेतल्या नगराध्यक्षांच्या गळ्यात हात घालून उभी राहिले. ते म्हणाले, "धीर धरा बाई, सगळ्यांवर ही वेळ येते." त्यांना वाटलं मी दुःखानं कोसळले. मी तसंच वाटू दिलं. दुःख होतंच की. या कामाचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी झाप्लेताल बेकरीवाल्याकडे गेले. तो पहाटे पाव भाजतो आणि वाद्यवृंदात नगारे वाजवतो. म्हटलं, बाबा रे, मला खरं सांग, तुम्हांला कळतं कसं? "पान संपतं तेव्हा." ते तुमचं झालं, म्हटलं, ऐकणाऱ्यानं काय करायचं? त्यानं हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "मला नाही ठाऊक, काकू. आम्ही तर डॉक्टरांकडे बघायचो. ते जोवर हलत नसत तोवर आमच्या नजरा वाचून संचालकही छडी खाली घेत नसत." म्हणजे आम्ही त्याच्याकडे बघत होतो, वाजवणारे त्याच्याकडे बघत होते, आणि तो कोणाकडे बघत होता हे विचारायला आता कोणी नाही. झाप्लेतालनं आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गोड पाव, कोलाचे, बांधून दिले. ओतकारच्या वाट्याचेही दिले, सवयीनं. दोघांचेही मीच खाल्ले.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, ती इथेच लिहून टाकते, कारण पुढच्या ओळीत कोंबड्यांबद्दल लिहायचं आहे. इस्पितळात शेवटच्या दिवशी तो श्वास घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा. दुपारपर्यंत मी त्या थांबण्याला सरावले होते. मग एकदा थांबला, तेव्हाही मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले, पुढचा सुरू व्हायची वाट बघत. नर्स आली आणि माणूस गेल्यावर उघडतात तशी तिनं खिडकी उघडली. त्यावरून मला कळलं.

कोंबड्या ठीक आहेत. तांबडीनं अंडी द्यायचं सोडलंय. तिला कापावी असं शिमाच्कोवाबाई म्हणतात. मी अजून थोडी वाट बघणार आहे.

तर रविवारचं असं आहे. हायेकांनी रचना निवडली ती ओतकारची सगळ्यात आवडती. ती जोरात संपत नाही, विरत जाते. शेवटी दोन-तीन व्हायोलिनं उरतात, मग तीही इतकी बारीक होतात की वाजताहेत की आपल्याला वाटतंय ते सांगता येत नाही. हायेक म्हणाले, "यात डॉक्टर फार वेळ थांबायचे. लोक श्वास धरून बसायचे. तेवढं तुम्ही सांभाळा." पत्रिकेवर त्याचं नाव छापलंय, खाली माझं. मी रोज ती तबकडी लावून सराव करते. अजून एकदाही बरोबर आलेलं नाही. तबकडीवर शेवटी सुई खरखरते, त्यावरून कळतं, पण राजवाड्यात खरखरणारं काही नाही.

तुम्ही मात्र येऊ नका. दगदग होईल. गुडघ्यांना जपा. मनावर काही घेऊ नका.

तुमची,
ब्लाझेना

ता. क. आलातच तर स्टेशनजवळून साडेबाराची बस घ्या, तिच्यात बसायला जागा मिळते. झाप्लेतालला तुमच्यासाठी खसखशीचे कोलाचे सांगून ठेवलेत. ते परत घेत नाहीत.

आणखी एक. हायेकांशी मी बोलले आहे. ते तुम्हांला सपातांबद्दल काही बोलणार नाहीत, पण तुम्ही त्या घाला. टोपलीत शोधू नका. त्याच्या खुर्चीपुढच्या मोठ्या आहेत ना, त्याच तुम्हांला होतील. तुमच्या घराण्याचे पाय मोठेच. त्याच खुर्चीवर बसा. तिथे कोणी बसलं की लोक सपातांकडे बघायचे थांबतील.

आणि शेवटचं. व्हायोलिनं बारीक व्हायला लागली की माझे दोन्ही हात धरा, आणि मी सोडवायला लागले तरी सोडू नका. संपलंय हे मला कळेल, वन्सं. या खेपेला नक्की कळेल. फक्त ते सगळ्यांना मी सांगायचं नाही. दुसरं कोणी वाजवेल, नाहीतर सगळे तसेच बसून राहतील, आपणही बसू. दिवाणखाना गार असेल, तेव्हा शाल आणा. हातमोजे आणू नका.