ओटोचा चेंडू

१२ जुलै १९११
बेसबॉलची मॅच अर्ध्यावर थांबली. ओटोचा चेंडू पाहुण्या टीमच्या टिअर्नीच्या डाव्या कानशिलावर बसला. आवाज असा आला की मला वाटलं बॅटलाच लागला — मी टाळ्यासुद्धा वाजवल्या! देवा! मग तो गुडघ्यावर आला आणि आडवाच झाला.
ओटो धावत गेला, तर त्यांच्या माणसांनी त्याला ढकलून दिलं. "मुद्दाम मारलास!" मुद्दाम? माझा नवरा घरातला उंदीरसुद्धा शेजाऱ्याकडून मारून घेतो.

१३ जुलै
टिअर्नीला शुद्ध नाही. ओटो सकाळपासून इस्पितळाच्या पायऱ्यांवर. आत जायचा धीर नाही.

१५ जुलै
टिअर्नीची आई आगगाडीने आली. आयरिश बाई, एवढीशी, पण तोंडाने फटकळ. पायऱ्यांवरच ओटोसमोर उभी राहिली.
"तूच ना तो?"
ओटोने मान हलवली. मला वाटलं, आता थोबाडीत देते.
"मग इथे काय बसलायस धोंड्यासारखा? आत चल. बोल त्याच्याशी. माझी बडबड ऐकून विटलाय, म्हणून डोळे उघडत नसेल मेला!"
ओटो आत गेला. काय बोलला कोण जाणे. बाहेर आला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

१८ जुलै
शुद्धीवर आला!! चेंडू लागला की पहिला बेस फुकट मिळतो ना — तर पठ्ठ्याने पहिलं हेच विचारलं, "मला बेस दिला का?"
मी उगाचच केक केला.

६ ऑगस्ट
पुन्हा हरलो. बॅटर समोर आला की ओटोचा हात आखडतो. चेंडू सगळे बाहेर, लांब, अंगापासून दूर. मॅनेजर म्हणतो, "खांद्याला काय झालंय तुझ्या?" पेपरातही तेच छापून आलंय. खांदा ठणठणीत आहे. असंच चाललं तर ओटोला घरी बसवतील.

१९ ऑगस्ट
आज तीच टीम पुन्हा आली. सोबत टिअर्नी — वाळलेला, डोक्यावर केस नुकते उगवलेले. आई माझ्या शेजारी बसली, पण लक्ष सगळं पोराकडे.
शेवटच्या डावात टिअर्नी बॅट घेऊन उतरला. सगळं मैदान उभं राहिलं. ओटोने पहिले दोन चेंडू इतके लांब टाकले की बॅटरमागच्या कॅचरला उड्या माराव्या लागल्या.
टिअर्नी ओरडला, "ए जर्मन! माझ्या म्हातारीला टाकतोयस का? नीट टाक!"
आता म्हातारी उठली. "मला टाकले असते तर मी मारलेही असते!"
केवढा हशा!
ओटो बराच वेळ चेंडू चोळत राहिला. मग टाकले — एकामागून एक तीन, सरळ, सगळ्या ताकदीनिशी. टिअर्नीने तिन्हींवर जीव तोडून बॅट फिरवली, तिन्ही हुकले. बाद! जाताना ओटोच्या पाठीवर थाप मारून गेला.
पुढचे दोघे ओटोने अंगालगतच्या चेंडूंवर उडवले. जिंकलो! घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

२० ऑगस्ट
मायलेकांना सोडायला स्टेशनवर गेले होते. म्हातारीने मला बाजूला घेतलं. "पोराचा डावा डोळा गेलाय गं. डॉक्टरने बॅट बंद केली आहे. ऐकेल तर ना! म्हणाला, एकदाच उतरतो, आई. त्या बिचाऱ्याचा हात मोकळा व्हायला हवा."
घरी येऊन ओटोला सांगितलं.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पहिला सरळ टाकला तेव्हाच कळलं. चेंडू कॅचरच्या हातात गेल्यावर त्याची बॅट फिरली."
"तरी पुढचे दोन टाकलेस?"
"तो त्यासाठीच आला होता, लेना."