जिन्याजवळचा खांब

३ नोव्हेंबर, रिसोड
एसटीनं सकाळी अकराला पोचले. भूकंपाचे बारीक धक्के बसतायत, म्हणून इथल्या सिमेंटच्या इमारती तपासायच्या आहेत. माझी पहिलीच नोकरी! मुलींच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. अधीक्षक लतीफा मॅडमनी भाकरी-ठेचा वाढला. पोरी अठ्ठावीस हायेत, तुमी एकोणतिसाव्या, म्हणाल्या. तळमजला मोकळाच, नुसते खांब आणि स्कूट्या. सुरुवात इथूनच करते.

५ नोव्हेंबर
जिन्याजवळच्या खांबावर हातोडी मारली तर आवाज पोकळ आला. गिलावा काढला. आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबलेल्या. सळ्या गंजलेल्या, त्यांना आवळणाऱ्या रिंगा दोन-दोन फुटांवर एखादी. मी हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. पटकन बाहेर ओढला.

६ नोव्हेंबर
मालक जगदेवभाऊंना दाखवलं. पंधरा वर्षं झाले उभी हाय, तुमी आल्या अन् पडून राह्यली का, म्हणाले. परीक्षेच्या तोंडावर पोरी कुठं नेऊ, असंही त्यांनीच विचारलं. ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. अहवाल पाठवा म्हणाले. पाठवला.

८ नोव्हेंबर
दुपारी धक्का. पोरी हसल्या. मी खाली धावले. खांबाला तिरपी चीर. टोकाशी पेन्सिलीनं खूण केली. संध्याकाळी चीर खुणेच्या वीतभर पुढे.

९ नोव्हेंबर
आज धक्का नाही. तरी चीर पुढे. खांबाला कान लावला. आत वाळू सांडत होती. थांबेना.

१० नोव्हेंबर
जगदेवभाऊंनी चीर लिंपून चुना फासला. साहेब फोन उचलत नाहीत. पोरी त्याच खांबाला टेकून अभ्यास करतात —

११ नोव्हेंबर
लतीफा मॅडमचा हात धरून खाली नेलं, खांबाला कान लावायला लावलं. त्यांनी धावत जाऊन घंटा वाजवली. पोरी मैदानात. मोजल्या. सत्तावीस. अठ्ठाविसावी, उजमा, तापानं वरच झोपलेली. मी वर धावले.

पोचले आणि हादरा बसला. जिना कोसळला. खिडक्यांना गज. फोन मैदानात राहिला. वही तेवढी पिशवीत. तीच लिहीत बसलेय. उजमा मांडीवर. ताई, आपण मरून राह्यलो का, विचारते. नाही म्हटलं.

फरशी कलते आहे —

खाली जगदेवभाऊंचा आवाज. टेका द्या रे, लाकडी बल्ल्या आना. माणसं आत शिरतायत. त्याच खांबाशी. नका येऊ म्हणून घसा फाटला. मॅडमही आत — मॅडम, तुम्ही तरी मागे —